बेचाळीस टक्क्यांचा महापौर

राल्फ बंच हे काही रस्त्यावर उतरून घोषणा देणारे गृहस्थ नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे उपमहासचिव, १९५० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले, सारी हयात मुत्सद्देगिरीत गेलेली. पण फेब्रुवारी १९६९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या महापौरांना जी तार केली, तिच्यात मुत्सद्देगिरीचा मागमूस नव्हता. क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स भागात त्यांचे घर. बर्फ थांबून दिवस उलटले तरी त्यांच्या गल्लीत बर्फ हटवणारी एकही गाडी फिरकली नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत जायचे म्हटले तर आपण आल्प्समध्ये राहतो की काय असे वाटते, एवढ्या मोठ्या शहराला हे शोभत नाही, असे त्यांनी सुनावले.

तार ज्यांच्या नावे गेली ते जॉन व्ही. लिंडसे. सव्वासहा फुटांवर उंची, नटासारखा देखणा चेहरा, वय सत्तेचाळीस. महापौरपदाची पहिली चार वर्षे त्याच वर्षअखेरीस संपत होती आणि त्यांना दुसरी मुदत हवी होती. जूनमध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा महापौर झाले. मधल्या साडेचार महिन्यांत काय घडले, हे कळायला आधीची साडेतीन वर्षे पाहावी लागतात.

त्याआधी एक खुलासा. मुंबईच्या महापौराला मान मोठा, पण १८८८ च्या कायद्यापासून कारभाराची दोरी आयुक्तांच्या हाती. न्यूयॉर्कचे तसे नाही. तिथला महापौर थेट मतदार निवडतात आणि पोलीस, अग्निशमन, कचरा, इस्पितळे, अंदाजपत्रक यांचा जाब त्यालाच द्यावा लागतो. शहराचे पाच भाग, त्यांना तिथे बरो म्हणतात : मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स आणि स्टेटन आयलंड. गगनचुंबी इमारती, बँका, वर्तमानपत्रे, नाटकगृहे मॅनहॅटनमध्ये. उरलेल्या चार बरोंमध्ये शिक्षक, पोलीस, दुकानदार, कारकून, गिरणीकामगारांची मुले अशा लोकांची घरे. त्यांतली बरीच इटालियन, आयरिश आणि ज्यू कुटुंबे. मॅनहॅटनला आपण दिसत नाही, ही त्यांची जुनी तक्रार.

लिंडसे नखशिखान्त मॅनहॅटनचे. येलचे पदवीधर, दुसऱ्या महायुद्धात नौदलात, पेशाने वकील. १९५८ मध्ये ते काँग्रेसवर निवडून गेले तो मॅनहॅटनचा मतदारसंघ ‘रेशमी मोज्यांचा’ म्हणूनच ओळखला जाई. पक्ष रिपब्लिकन, पण नागरी हक्कांच्या प्रश्नावर ते पक्षातल्या सनातन्यांपेक्षा डेमोक्रॅटांच्या अधिक जवळचे. १९६५ मध्ये ते महापौरपदाला उभे राहिले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट मतदार रिपब्लिकनांच्या कितीतरी पट होते. वीस वर्षांत तिथे रिपब्लिकन महापौर झाला नव्हता. म्हणून लिंडसेंनी प्रचारात पक्षाचे नाव शक्यतो पुढे केले नाही आणि लिबरल पक्षाचाही पाठिंबा मिळवला. न्यूयॉर्कच्या कायद्यात एकच उमेदवार मतपत्रिकेवर दोन पक्षांच्या रांगांत उभा राहू शकतो आणि दोन्हीकडची मते एकत्र मोजली जातात. ही तरतूद चार वर्षांनी त्यांचा जीव वाचवणार होती.

समोर डेमोक्रॅट एब बीम आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे विल्यम बकली. जिंकलात तर काय कराल असे विचारल्यावर ‘फेरमोजणी मागेन’ म्हणणारे ते हेच बकली. त्यांना तेरा टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, बीमना एक्केचाळीस, आणि लिंडसे पंचेचाळीस टक्क्यांवर निवडून आले. म्हणजे पहिल्या विजयातही निम्मे शहर त्यांच्या पाठीशी नव्हते. हा आकडा तेव्हा फारसा कोणी मनावर घेतला नाही. तरुण, सुंदर, स्वच्छ महापौर मिळाला याचेच कौतुक होते.

कौतुक पहिल्याच सकाळी ओसरले. १ जानेवारी १९६६ रोजी लिंडसेंनी सूत्रे घेतली आणि त्याच पहाटे भुयारी रेल्वे व बसच्या कामगारांनी संप पुकारला. संघटनेचे पुढारी माइक क्विल, आयर्लंडहून आलेले, जिभेला धार असलेले. न्यायालयाचा मनाई हुकूम त्यांनी कॅमेऱ्यांसमोर फाडला आणि तुरुंगात गेले. तिथे त्यांची प्रकृती ढासळली. बारा दिवस शहर पायी चालले. तडजोड झाली ती कामगारांना भरघोस वाढ देऊन, आणि संप मिटून महिना व्हायच्या आत क्विल वारले. इतर संघटनांनी यातून जो बोध घ्यायचा तो घेतला : नवा महापौर आधी भाषण देतो, मग पैसे देतो.

पुढच्या दोन वर्षांत एकेक वर्ग दुरावत गेला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळावर लिंडसेंनी नागरिकांचे बहुमत आणले. पोलीस संघटनेने तो प्रश्न नोव्हेंबर १९६६ च्या सार्वमतात नेला आणि ते मंडळ जवळजवळ दोनास एक मतांनी बुडवले. फेब्रुवारी १९६८ मध्ये सफाई कामगार नऊ दिवस संपावर गेले आणि पदपथांवर सुमारे एक लाख टन कचरा साचला. लिंडसेंना तो उचलायला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैन्य, हवे होते. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी नकार देऊन स्वतःच मध्यस्थी केली. दोघेही एकाच पक्षाचे, दोघांचाही डोळा राष्ट्राध्यक्षपदावर, आणि एकमेकांचे तोंड पाहायची दोघांचीही तयारी नव्हती.

पण त्याच दोन वर्षांत लिंडसेंनी असे काही केले, जे त्यांच्या विरोधकांनाही खोडून काढता आले नाही. ते चालत. उन्हाळ्याच्या रात्री, कोट खांद्यावर टाकून, हार्लेम आणि बेडफर्ड-स्टायव्हेसंटच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून हिंडत, पायऱ्यांवर बसलेल्या पोरांशी बोलत. अमेरिकेतली शहरे तेव्हा पेटत होती. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ३४ माणसे मेली, १९६७ मध्ये न्यूअर्कमध्ये २६, डेट्रॉइटमध्ये ४३. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्याची बातमी आली तेव्हा लिंडसे हार्लेमला निघाले. जाऊ नका, असे सांगणारे पुष्कळ होते. १२५ व्या रस्त्यावर गर्दी जमली होती, काचा फुटत होत्या, आणि त्या गर्दीत एक सव्वासहा फुटी गोरा माणूस उभा राहून लोकांना आपले दुःख सांगत होता. वॉशिंग्टन, शिकागो, बाल्टिमोर त्या आठवड्यात जळाली. न्यूयॉर्कमध्ये लुटालूट झाली, जाळपोळही झाली, पण लष्कर बोलवायची वेळ आली नाही. याचे सारे श्रेय एका माणसाच्या फेरफटक्याला देणे भाबडेपणाचे होईल. आधीची दोन वर्षे वस्त्यावस्त्यांत माणसे जोडून ठेवलेली होती, ती त्या रात्री कामी आली. तरी फेरफटका खोटा नव्हता.

मग आला शाळांचा संप. लिंडसेंच्या कारकिर्दीतली सगळ्यात खोल जखम तीच.

ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन, शिक्षक बहुतांशी गोरे, त्यांतले बरेच ज्यू. शाळांचा कारभार वस्तीतल्या लोकांच्या हाती द्यावा, असा एक प्रयोग तिथे चालू होता आणि लिंडसेंचा त्याला पाठिंबा होता. मे १९६८ मध्ये स्थानिक मंडळाने तेरा शिक्षकांसह एकोणीस जणांना इथून बदली करून घ्या, अशी पत्रे दिली. मंडळाचे प्रशासक रोडी मॅकॉय मागे हटेनात, आणि शिक्षक संघटनेचे अल्बर्ट शँकर यांच्या दृष्टीने ही सरळ बडतर्फी होती, तीही चौकशीविना. त्या शरद ऋतूत तीनदा संप झाला. दहा लाखांवर मुलांचे मिळून छत्तीस दिवस बुडाले. कोणीतरी शिक्षकांच्या टपालपेट्यांत ज्यूद्वेषी पत्रके टाकली. ती किती जणांनी लिहिली हा प्रश्न वेगळा, पण शँकर यांच्या संघटनेनेच त्यांच्या लाखो प्रती छापून शहरभर वाटल्या, आणि मग ती न वाचलेला ज्यू माणूस उरला नाही. ब्रुकलिनच्या एका ज्यू केंद्रात लिंडसे बोलायला गेले तेव्हा श्रोत्यांनी त्यांना धड बोलू दिले नाही. बाहेर पडताना जमावाने त्यांच्या गाडीवर हात आपटले. नागरी हक्कांसाठी गोऱ्यांमध्ये सर्वांत आधी उभा राहिलेला समाज आणि नागरी हक्कांचा महापौर यांच्यात ही फारकत झाली होती. दोन्हीकडची बाजू खरी असण्याचे असे प्रसंग राजकारणात फार वाईट असतात, आणि लिंडसेंना तर मधला माणूस होण्यासाठी लागणारा विश्वास एकाही बाजूने दिला नव्हता.

एवढे सगळे झाल्यावर बर्फ पडले.

९ फेब्रुवारी १९६९, रविवार. हवामान खात्याचा अंदाज थोड्या बर्फाचा, तेही पुढे पावसात विरघळून जाणाऱ्या. सुट्टीमुळे कामगार कमी. प्रत्यक्षात सेंट्रल पार्कमध्ये पंधरा इंच बर्फ साचले, क्वीन्समध्ये त्याहून जास्त. बर्फ हटवणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे चाळीस टक्के नादुरुस्त होऊन पडली होती. मॅनहॅटनचे रस्ते लवकर मोकळे झाले. क्वीन्समधल्या गल्ल्या आठवडाभर तशाच राहिल्या. कचरा उचलला नाही, दूध आले नाही, रुग्णवाहिका वळणावर अडकल्या, केनेडी विमानतळावर हजारो प्रवासी जमिनीवर झोपले. शहरात ४२ माणसे दगावली, त्यांतली निम्मी एकट्या क्वीन्समधली.

शेवटी लिंडसे क्वीन्सला गेले. रेगो पार्कमध्ये त्यांची लिमोझिन बर्फात रुतली. मग चारही चाकांना जोर असलेला ट्रक मागवला, तोही धड पुढे जाईना. पायी निघाले तर खिडक्यांतून शिव्या. एका बाईने तोंडावर सांगितले, लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. हार्लेममध्ये ज्या चालण्याने त्यांचे नाव झाले, तेच चालणे क्वीन्समध्ये तमाशा ठरले. घरापुढचा बर्फ साफ करण्यात वंश नव्हता, विचारसरणी नव्हती, तत्त्व नव्हते, म्हणूनच तो राग सर्वांना एकत्र दाखवता आला. शाळेच्या संपात जो बोलू शकला नव्हता तोही आता बर्फाबद्दल बोलला.

जूनमध्ये पक्षांतर्गत निवडणूक. रिपब्लिकनांमध्ये लिंडसेंविरुद्ध उभे राहिले स्टेटन आयलंडचे राज्य सिनेटर जॉन मार्की, सौम्य, अभ्यासू, आवाज न चढवणारे गृहस्थ. डेमोक्रॅटांची तर जत्रा भरली होती. बारा वर्षे महापौर राहिलेले रॉबर्ट वॅग्नर परत आले होते. ब्रॉन्क्सचे बरो अध्यक्ष हर्मन बडियो होते, पोर्तो रिकोत जन्मलेले. काँग्रेस सदस्य जेम्स शॉयर होते. कादंबरीकार नॉर्मन मेलर होते, सोबत नगर परिषदेच्या अध्यक्षपदासाठी स्तंभलेखक जिमी ब्रेस्लिन. न्यूयॉर्क शहर हेच अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य करावे, असा मेलरांचा कार्यक्रम होता आणि त्यांची मुख्य घोषणा छापताना वर्तमानपत्रांची पंचाईत होत होती. आणि पाचवे, शहराचे कंट्रोलर, म्हणजे हिशेबांचे मुख्य तपासनीस, मारिओ प्रोकाचिनो. इटलीत जन्मलेले, नऊ वर्षांचे असताना ब्रॉन्क्समध्ये आलेले, बुटके, बारीक मिशीचे, भावनेच्या भरात डोळ्यांत पाणी येणारे.

१७ जूनला दोन्ही निकाल लागले. मार्की सुमारे ६,००० मतांनी जिंकले. विद्यमान महापौराला त्याच्याच पक्षाने पाडले. डेमोक्रॅटांत वॅग्नर, बडियो, शॉयर आणि मेलर यांनी उदारमतवादी मते वाटून घेतली आणि प्रोकाचिनो जेमतेम तेहतीस टक्क्यांवर उमेदवार झाले. बडियो वॅग्नरांच्या सात-आठ हजार मतांनी मागे राहिले आणि मेलरांना चाळीस हजारांवर मते पडली. त्यांनी हौसेखातर उभे राहण्याची किंमत बडियोंनी मोजली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले, आणि आकडे पाहिले तर ते म्हणणे चुकीचे वाटत नाही.

दोन्ही मोठ्या पक्षांनी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणणारे इटालियन वंशाचे उमेदवार दिले होते. लिंडसेंकडे उरला लिबरल पक्ष. शिवणकाम आणि टोप्यांच्या धंद्यातल्या कामगार संघटनांनी १९४४ मध्ये उभा केलेला हा छोटा पक्ष, त्याची सूत्रे टोपी कामगारांचे नेते अलेक्स रोझ यांच्याकडे. रोझ मुरलेले राजकारणी. तिरंगी लढतीत चाळीस टक्के पुरतात, हे त्यांना मॅनहॅटनच्या विद्वानांआधी कळले. लिंडसेंनी लिबरल रांगेसोबत आणखी एक स्वतंत्र रांग उभी केली, म्हणजे लिबरल नावाला नाक मुरडणाऱ्यांनाही कुठेतरी खूण करता यावी. तरी उन्हाळ्यात कोणी पैज लावली असती तर प्रोकाचिनोंवर लावली असती.

इथून प्रचाराचा ताबा जाहिरातकार डेव्हिड गार्थ आणि प्रचारप्रमुख रिचर्ड ऑरेलिओ यांनी घेतला. गार्थ यांना एक अडचण नीट दिसत होती : लोकांना लिंडसेंच्या चुका पाठ होत्या. त्यांच्यावर पांघरूण घालायला जावे तर राग वाढणार. म्हणून त्यांनी महापौरालाच कबुली द्यायला लावली. कोट काढलेला, गळ्याशी सैल, ग्रेसी मॅन्शन या महापौरांच्या सरकारी निवासस्थानात बसल्यासारखा निवांत लिंडसे कॅमेऱ्याकडे पाहून सांगत : गेल्या हिवाळ्यात बर्फाचा अंदाज मी चुकलो, ती चूक होती. पण रस्त्यावर सहा हजार पोलीस वाढवले, ती चूक नव्हती. शाळांचा संप फार लांबला, त्यात आम्हा सगळ्यांच्याच चुका झाल्या. पण सव्वादोन लाख नव्या नोकऱ्या आणल्या, ती चूक नव्हती. आणि या शहराचे न्यूअर्क, डेट्रॉइट किंवा वॉट्स झाले नाही.

या जाहिरातीची मांडणी बघण्यासारखी आहे. प्रत्येक कबुलीला लागूनच एक दावा. ‘चुकलो’ म्हणताना कमीपणा येतो खरा, पण ऐकणारा मान डोलावतो, आणि मान डोलत असतानाच पुढचे वाक्य आत जाते. शिवाय संपाच्या वेळी ‘मी’ चे ‘आम्ही सगळे’ झाले, ते किती जणांच्या लक्षात आले असेल? प्रचाराचे घोषवाक्यही त्याच साच्यातले : महापौरपद म्हणजे अमेरिकेतले दुसऱ्या क्रमांकाचे कठीण काम. राष्ट्राध्यक्षांच्या खालोखाल आपणच, हा दावा तक्रारीच्या सुरात केला की तो गर्व वाटत नाही.

प्रोकाचिनोंनी लिंडसेंना मदतच केली. हार्लेममध्ये कृष्णवर्णीय श्रोत्यांना आपलेसे करायला ते म्हणाले, माझेही हृदय तुमच्याइतकेच काळे आहे. शहर आठवडाभर हसले. वादविवादांत ते चिडत, घाम पुसत. पण त्यांच्या हातून एक नेमका घावही बसला. गरिबांबद्दल कळवळा दाखवणारे, पण स्वतःची मुले खासगी शाळेत घालणारे आणि भुयारी रेल्वेने न जाणारे श्रीमंत, अशा लिंडसे समर्थकांना त्यांनी ‘लिमोझिन लिबरल’ म्हटले. रेगो पार्कमध्ये रुतलेली गाडी लोक विसरले नव्हते. हा शब्दप्रयोग अमेरिकी राजकारणात आजही वापरला जातो. तो कोणी घडवला हे मात्र वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मॅनहॅटनच्या मेजवान्यांत प्रोकाचिनोंच्या उच्चारांची, कपड्यांची, मिशीची टिंगल चाले. त्या टिंगलीत वर्गाचा तिरस्कार उघड होता, आणि ब्रॉन्क्समधल्या माणसाला तो ऐकू जात होता. तो तिरस्कार मतांत बदलायला मात्र प्रोकाचिनोंना जमले नाही, कारण लिंडसेंवर चिडलेल्यांचा निम्मा राग मार्कींच्या खात्यात जमा होत होता. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानेही मार्कींनाच उमेदवारी दिली होती.

ज्यू मतदारांकडे लिंडसे परत परत गेले. टोपी घालून प्रार्थनागृहांत गेले, शाळांच्या संपाबद्दल पडते घेतले. गोल्डा मेयर त्या वर्षी मार्चमध्ये इस्रायलच्या पंतप्रधान झाल्या होत्या. शरद ऋतूत त्या अमेरिकेत आल्या तेव्हा लिंडसेंनी ब्रुकलिन संग्रहालयात त्यांच्यासाठी सुक्कोतच्या मंडपाखाली भव्य भोजन दिले. प्रचाराच्या ऐन भरात, ब्रुकलिनमध्ये, ज्यू सणाच्या मंडपात, शेजारच्या खुर्चीवर इस्रायलची पंतप्रधान. यापेक्षा चांगले छायाचित्र गार्थ यांना पैसे देऊनही मिळाले नसते.

आणि मग बेसबॉल. न्यूयॉर्क मेट्स हा १९६२ मध्ये जन्मलेला संघ पहिल्याच मोसमात १२० सामने हरला होता आणि त्यानंतरही शहराच्या थट्टेचाच विषय होता. त्याचे मैदान शे स्टेडियम, क्वीन्समध्ये. १९६९ च्या मोसमात हा संघ अचानक जिंकू लागला आणि जिंकतच राहिला. ऑक्टोबरमध्ये नॅशनल लीगचे अजिंक्यपद मिळाले तेव्हा लिंडसे खेळाडूंच्या खोलीत पोहोचले, आणि खेळाडूंनी त्यांच्या डोक्यावर शॅम्पेन ओतली. डोळे मिटून, केस विस्कटून, हसत भिजणारा महापौर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकला. ज्या क्वीन्सने आठ महिन्यांपूर्वी त्यांना हाकलले, त्याच क्वीन्समध्ये ते एका विजयाचे भागीदार म्हणून उभे होते. १६ ऑक्टोबरला मेट्सनी बाल्टिमोरला हरवून वर्ल्ड सीरिज जिंकली. चार दिवसांनी मिरवणूक निघाली आणि कागदाच्या पावसात मोटारीवर लिंडसे होतेच. बेसबॉलची त्यांना फारशी आवड नव्हती, असे त्यांची माणसे पुढे खासगीत कबूल करत.

व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा देशव्यापी निषेधदिन १५ ऑक्टोबरला होता. लिंडसेंनी शहराच्या इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवायला सांगितले. पोलीस आणि अग्निशामक दलातले अनेक जण संतापले. प्रोकाचिनो आणि मार्की दोघांनीही टीका केली. पण त्या निर्णयाने मॅनहॅटनचे तरुण आणि सुधारणावादी डेमोक्रॅट पक्के झाले. महापौराला युद्धाबाबत काहीही अधिकार नसतो. तरी या निवडणुकीत युद्धाचा हिशेब झाला, कारण बर्फाचा हिशेब कोणाला नको असेल तर त्याला दुसरा विषय मिळाला होता.

४ नोव्हेंबरला मते मोजली. लिंडसे सुमारे ४२ टक्के, प्रोकाचिनो ३५, मार्की २३. मॅनहॅटनने लिंडसेंना दोन तृतीयांश मते दिली. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन वस्त्यांनी मोठ्या प्रमाणावर साथ दिली, ज्यू मते जवळजवळ दुभंगली. स्टेटन आयलंड मार्कींकडे गेले. हिशेब सरळ होता : दर शंभरातल्या अठ्ठावन्न मतदारांनी विद्यमान महापौर नको असे सांगितले, पण ते दोन पेट्यांत विभागून सांगितले. प्रोकाचिनो आणि मार्की यांपैकी एकच उभा असता, तर कबुलीची जाहिरात, गोल्डा मेयर आणि मेट्स मिळून लिंडसेंना वाचवू शकले असते का, याचे माझ्या मते उत्तर नाही असेच आहे. जाहिरातीने त्यांना लढतीत आणले. जिंकवले ते विरोधकांच्या फुटीने. अमेरिकेतल्या राजकीय सल्लागारांनी मात्र धडा घेतला तो जाहिरातीचा, आणि गार्थ यांची मागणी देशभर वाढली.

दुसरी मुदत लिंडसेंना सुखाची गेली नाही. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. लिंडसेंनी पुन्हा सिटी हॉलवरचा झेंडा अर्ध्यावर आणला. ८ मे रोजी बांधकाम कामगारांनी वॉल स्ट्रीटजवळ युद्धविरोधी विद्यार्थ्यांना झोडपले आणि सिटी हॉलवर चाल करून झेंडा वर चढवायला लावला. लिंडसे ज्यांना गमावून बसले होते, ते आता कठीण टोप्या घालून त्यांच्या दारात आले होते. १९७१ मध्ये लिंडसे डेमोक्रॅट झाले, १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फ्लोरिडा आणि विस्कॉन्सिनमध्ये लढले आणि दोन्हीकडे आपटले. १९७३ मध्ये ते पुन्हा उभेच राहिले नाहीत. त्या वर्षी महापौर झाले ते १९६५ मध्ये त्यांच्याकडून हरलेले एब बीम, आणि बीमच्याच कारकिर्दीत १९७५ साली शहर दिवाळखोरीच्या काठावर गेले. त्याचे बिल लिंडसेंच्या नावावर फाडणारे पुष्कळ आहेत. ते अर्धवट खरे आहे. लिंडसेंच्या काळात अंदाजपत्रक दुपटीहून अधिक वाढले, रोजचा खर्च अल्पमुदतीच्या कर्जांवर ढकलला गेला, कामगार संघटनांशी करार सढळ हाताने झाले. पण या कर्जांना रॉकफेलर यांच्या राज्य सरकारने मोकळीक दिली होती, आणि १९७० पासून शहराचे हिशेब तपासणारे कंट्रोलर खुद्द बीमच होते.

बर्फाची दहशत मात्र टिकली. शिकागोमध्ये जानेवारी १९७९ च्या हिमवादळानंतर महापौर मायकेल बिलँडिक यांनी रस्ते मोकळे झाल्याचे सांगितले, ते झाले नव्हते. फेब्रुवारीतल्या पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी त्यांना पाडले आणि त्या शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. बिलँडिकांच्या मागे पक्षाची बलाढ्य यंत्रणा होती, पण समोर मते फोडायला तिसरा कोणी नव्हता.

लिंडसेंच्या आयुष्याची संध्याकाळ हलाखीची झाली. पार्किन्सन्स, हृदयविकार, आणि आरोग्य विमा नाही. १९९६ मध्ये महापौर रूडी जुलियानी यांनी त्यांना शहराच्या दोन मानद स्वरूपाच्या पदांवर नेमले, ते विम्याची सोय व्हावी म्हणून. डिसेंबर २००० मध्ये ते गेले. मार्की २००६ अखेरपर्यंत राज्याच्या सिनेटमध्ये होते.

१९६९ चा सर्वांत टिकाऊ परिणाम कायद्यात झाला. तेहतीस टक्क्यांवर उमेदवार ठरतो हे पाहून राज्याच्या विधिमंडळाने नियम बदलला : शहराच्या मोठ्या पदांसाठी पक्षांतर्गत निवडणुकीत कोणालाच चाळीस टक्के मिळाले नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. १९७३ मध्ये तो प्रथम लागू झाला आणि बडियो पुन्हा मैदानात होते. दुसऱ्या फेरीत बीमनी त्यांना हरवले. १९७७ मध्ये एड कॉच आणि मारिओ कुओमो यांचा निकालही याच नियमाने लागला. पुढे न्यूयॉर्कच्या मतदारांनी पक्षांतर्गत निवडणुकीसाठी पसंतीक्रमाची पद्धत मंजूर केली आणि महापौरपदासाठी ती जून २०२१ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीला मात्र यांतला कुठलाही नियम लागू नाही. तिथे आजही सर्वाधिक मते घेणारा महापौर होतो, मग ती बेचाळीस टक्के का असेनात.